दगडावरचं दुसरं आडनाव

सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या बे एरियातल्या आम्हा मराठी लोकांच्या गप्पांत चिनी कुटुंबांचा विषय निघाला की गाडी ठरलेल्या रुळावरूनच जाते. चिनी आईबाप फार कडक. मुलांना पियानोला आणि गणिताला जुंपतात, कधी पाठीवरून हात फिरवत नाहीत, मनातलं बोलत नाहीत. मग मुलं मोठी झाली की घराकडे पाठ फिरवतात. 'त्यांचं कल्चरच तसं' म्हणून विषय मिटतो. मला हे ऐकवत नाही. मी सॅन फ्रान्सिस्कोत एका चिनी कुटुंबाच्या घरात अनेक वर्षं भाड्याने राहिले आहे. त्या घरात तीन पिढ्या होत्या. कडकपणा होता, अबोला होता, एकमेकींच्या वर्मी लागेल असं बोलणंही होतं. पण त्या अबोल्याचं मूळ शोधत गेलं तर ते चीनमध्ये सापडत नाही. ते अमेरिकेच्या कायद्यांत सापडतं, अगदी सालवार.

घर सनसेट भागात होतं. समुद्राकडे उतरत जाणारे सरळसोट रस्ते, एकाला एक चिकटलेली फिक्या रंगांची घरं, खाली गॅरेज आणि वर राहती जागा, आणि ऐन उन्हाळ्यातही दुपारपर्यंत न हटणारं धुकं. गॅरेजच्या मागची खोली माझी. वर पोपो, तिची लेक आणि नात. कँटनीज घरांत आईच्या आईला पोपो म्हणतात; नात म्हणायची म्हणून मीही म्हणू लागले. आजोबा, म्हणजे गोंगगोंग, मी तिथे राहायला जायच्या कितीतरी आधी, १९९१ साली वारले होते. लेकीचा घटस्फोट झाला होता आणि नात आईचंच, म्हणजे गोंगगोंगचं आडनाव लावायची. पुढचं सगळं त्या आडनावावरूनच झालं.

पोपो तैशानची. दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात तैशान, काइपिंग, शिन्हुई आणि एनपिंग असे चार जिल्हे आहेत. त्यांना मिळून 'सी यप' म्हणतात. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत आलेले बहुतेक चिनी याच चार जिल्ह्यांतले. मी मुंबईची म्हटल्यावर पोपोने लेकीमार्फत पहिला प्रश्न विचारला, ''तिथे आमचे लोक आहेत का?'' माझं आजोळ डॉकयार्ड रोडचं, त्यामुळे उत्तर तयार होतं. माझगावात नवाब टँक रोडवर चिनी देऊळ आहे, १९१९ सालचं, आणि त्याच्या नावातच 'सी यप' आहे. पोपोने ते नाव माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. आता तिथे किती घरं उरली, असं तिने विचारलं तेव्हा मी फार थोडी एवढंच म्हटलं. १९६२च्या युद्धानंतर आपण चिनी वंशाच्या हजारो माणसांना, त्यांत भारतातच जन्मलेली किती तरी, राजस्थानात देवळीच्या छावणीत नेऊन ठेवलं होतं, हे तिला सांगायला माझी जीभ रेटली नाही.

वरच्या मजल्यावरची रोजची भांडणं कुठल्याही घरात होतील तशीच होती. पोपो संत्र्यामोसंब्यांच्या साली दोऱ्याला ओवून खिडकीत वाळत घालायची आणि वर्षानुवर्षं बरण्यांत भरून ठेवायची. लेक त्या गुपचूप टाकून द्यायची. नातीचं वजन, नातीचा मित्र, नातीने अकाउंटन्सी सोडून इतिहास घेणं, यावर दोघींची मात्र एकी असायची. नात रागावली की धाडकन दार लावून खाली माझ्याकडे यायची. बोलण्याचा सूर नेहमीचाच, ''यांना नुसते मार्क कळतात. मी कोण आहे हे या घरात कधी कोणी विचारलंय का?''

त्यात भाषेचा वेगळाच पेच होता. पोपो तैशानी बोलायची. लेक तैशानी उत्तम बोलायची, पण तिला चिनी अक्षर एकही वाचता येत नव्हतं. लहानपणी चायनाटाउनमधल्या संध्याकाळच्या चिनी शाळेतून तिने पळ काढला होता. नात दर शनिवारी चिनी शाळेत गेली होती, पण तिच्या पिढीपर्यंत शाळांत मँडरिन आलं होतं. ते पोपोला समजत नसे. म्हणजे नात चिनी वाचू शकायची पण आजीशी बोलू शकायची नाही, आणि आई बोलू शकायची पण वाचू शकायची नाही. दोघींच्या मधे दुभाषी म्हणून लेक कायमची उभी.

दुभाषेपण तिला नवीन नव्हतं. तिचा जन्म १९५६चा. गोंगगोंग हॉटेलच्या भटारखान्यात, पोपो चायनाटाउनमधल्या शिलाईच्या कारखान्यात नगावर पैसे घेऊन झिपा लावायची. गोंगगोंगला सैन्यात शिकलेलं तोडकंमोडकं इंग्रजी यायचं, पण तो घरी यायचा मध्यरात्री. त्यामुळे गॅसचं बिल, घरमालकाची चिठ्ठी, शाळेचं पत्र, बँक, सगळीकडे सात-आठ वर्षांची ही पोर पुढे. दहा वर्षांची असताना आईचा गर्भ पडला तेव्हा डॉक्टरला काय झालं ते तिनेच सांगितलं आणि डॉक्टर काय म्हणाला ते आईला तिनेच सांगितलं. ''मला शब्दच माहीत नव्हते,'' ती मला म्हणाली होती, ''इंग्रजीतही नाही आणि आमच्या भाषेतही नाही. मी म्हटलं, पोटातलं बाळ गेलं. मग आई रडायला लागली आणि डॉक्टर म्हणाला, तिला विचार की का रडतेय.'' इंग्रजी न येणाऱ्या मुलांना समजेल असं शिक्षण देणं शाळांना बंधनकारक आहे हा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली दिला. तो 'लाउ विरुद्ध निकोल्स' खटला सॅन फ्रान्सिस्कोतल्याच चिनी मुलांचा. तोवर ही शाळेतून बाहेर पडली होती.

अशी पोर घरात आईबापाची मोठी होते. बाहेर तिच्या तोंडाने घर बोलतं, आणि घरात मात्र तिने मोठ्यांसमोर ब्र काढायचा नाही. मोठेपणी ती कडक होते, ती याच्यातून. नातीला हे कुठे ठाऊक होतं? ती फक्त आईचा चढा आवाज ऐकत होती.

एप्रिलच्या सुरुवातीला चिंगमिंग येतो. पितरांच्या थडग्यांवर जाऊन ती झाडायची, नैवेद्य दाखवायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला कोल्मा नावाचं गाव आहे, जिथे जिवंत माणसांपेक्षा पुरलेली माणसं कैक पटींनी जास्त आहेत, गोंगगोंग तिथेच. एका वर्षी मी गाडी चालवायला म्हणून बरोबर गेले. पोपोने चोचीसकट उकडलेली अख्खी कोंबडी, भाजलेलं डुकराचं मांस, संत्री, तीन छोटे पेले असा सरंजाम मांडला. पत्र्याच्या डब्यात कागदी नोटा जाळल्या. एकेकीने तीन वेळा वाकून नमस्कार केला. नात नमस्कार करून उठली ती दगडाकडेच बघत राहिली. दगडावर खाली इंग्रजीत नाव होतं, ते सगळ्यांच्या परिचयाचं. वर उभ्या ओळीत चिनी अक्षरं. नातीने त्यातल्या आडनावाच्या अक्षरावर बोट ठेवलं आणि आईला इंग्रजीत म्हणाली, ''हे आपलं आडनाव नाही. दगड चुकलाय.''

लेकीने पोपोला विचारलं. पोपो डबा आवरता आवरता काहीतरी बोलली. मला शब्द कळले नाहीत, पण लेकीचा हात संत्र्यावर होता तो तिथेच थांबला. तिने भाषांतर केलं, ''ती म्हणते, दगड बरोबर आहे.''

दर वर्षी लेक त्या दगडापुढे वाकत होती. बापाचं खरं नाव तिच्या डोळ्यांसमोर कोरलेलं होतं, आणि तिला ते वाचता येत नव्हतं.

इथे थोडं मागे जावं लागेल. १८७५च्या पेज कायद्याने चिनी बायकांना अमेरिकेत येणं जवळजवळ अशक्य केलं. १८८२च्या चिनी बहिष्कार कायद्याने मजुरांना बंदी केली; एखाद्या देशाच्या लोकांना नाव घेऊन दार बंद करणारा अमेरिकेचा हा पहिला मोठा कायदा. १८९०च्या जनगणनेत अमेरिकेत १ लाख ३ हजारांवर चिनी पुरुष आणि ४ हजारांहूनही कमी चिनी बायका होत्या. म्हणजे एका बाईमागे सव्वीस-सत्तावीस पुरुष. ज्यांना आपण कुटुंबवत्सल संस्कृती म्हणतो त्या लोकांना इथे कुटुंबच करू दिलं गेलं नाही. बायको गावी, नवरा इकडे, दहा-पंधरा वर्षांनी एखादी भेट. याच काळात वाँग किम आर्क नावाच्या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या स्वयंपाक्याने थेट सर्वोच्च न्यायालयात लढून १८९८ साली एवढं मिळवलं की इथे जन्मला तो इथला नागरिक. आणि मग १९०६च्या एप्रिलमध्ये भूकंप झाला, आग लागली, शहराच्या जन्मनोंदी जळून गेल्या. कोण इथे जन्मला आणि कोण नाही, हे सांगणारा कागदच उरला नाही. अनेकांनी 'मी इथलाच' असं नोंदवलं. नागरिकाच्या मुलांना येता येत असे. गावाहून परत येताना 'मला मुलगा झाला' असं सांगून ठेवायचं आणि ती जागा पुढे नात्यातल्या, नाहीतर पैसे मोजणाऱ्या कुणाच्या मुलाला द्यायची, अशी वाट पडली. अशा मुलांना 'पेपर सन' म्हणत, कागदावरचे मुलगे.

सरकारलाही हे कळत होतं. म्हणून १९१० ते १९४० सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर छावणी होती, तिथे येणाऱ्यांना दिवसचे दिवस, कधी महिनोन् महिने अडकवून उलटतपासणी व्हायची. घराला किती पायऱ्या, तांदळाचं भांडं कुठे ठेवता, तिसऱ्या घरात कोण राहतं. तेच प्रश्न 'बापाला' वेगळे विचारायचे आणि उत्तरं ताडून बघायची. मुलं बोटीवर वही पाठ करत आणि बंदर दिसायच्या आत ती समुद्रात फेकून देत. बराकीच्या लाकडी भिंतींवर तिथल्या लोकांनी कविता कोरल्या. त्या भिंती पाडल्या जायच्या बेतात असताना १९७० साली एका पार्क रेंजरचं त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि त्या वाचल्या. मी त्या पाहिल्या आहेत. रंगांच्या थराखालून अक्षरांच्या कडा बोटाला लागतील इतक्या खोल आहेत.

गोंगगोंग १९३८ साली असाच आला. कागदावर वय १२, खरं १४.

१९४३ साली बहिष्कार उठला. दुसऱ्या महायुद्धात चीन मित्रराष्ट्र होता, तेव्हा उठवणं भागच होतं. वर्षाला १०५ माणसं एवढाच काय तो कोटा दिला. गोंगगोंग सैन्यात जाऊन आला, १९४८ साली सैनिकांच्या वधूंसाठीच्या कायद्याखाली पोपोला घेऊन आला. इथवर आल्यावर सत्य सांगायला काय हरकत होती, असं नातीने विचारलं, आणि मलाही तेव्हा ते रास्त वाटलं होतं. पण १९४९ साली चीन कम्युनिस्ट झाला. १९५६ साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी संघटनांची दप्तरं ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या पंचांसमोर, मागवली गेली आणि त्याच वर्षी 'कबुली कार्यक्रम' सुरू झाला. खरं नाव सांगा, बहुधा राहू देऊ. पण एकाने कबुली दिली की त्याच्या कागदावरचा बाप, भाऊ, चुलते, सगळ्यांची नावं द्यावी लागत. सुमारे १४ हजार लोकांनी कबुली दिली. ज्यांची मतं डावी होती त्यांच्याविरुद्ध हेच कागद वापरले गेले. गोंगगोंगचा कागदावरचा भाऊ अशाच एका डाव्या संघटनेत उठबस असणारा. गोंगगोंगने कबुली दिली असती तर तो सापडला असता. म्हणून गोंगगोंग गप्प राहिला, आणि हे सगळं १९६५पर्यंत चालू होतं.

नात हट्टाची. त्या चिंगमिंगनंतर ती सॅन ब्रुनोच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गेली. बहिष्कार कायद्याखालच्या हजारो फायली तिथे जपून ठेवल्या आहेत. गोंगगोंगच्या फायलीची प्रत घेऊन ती आली, आणि वरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तिने ती वाचायला घेतली. मला हाक मारली होती, का ते मला अजून नीट कळलेलं नाही. बहुधा घरातल्या तिघींना चौथं माणूस हवं होतं.

पहिल्या पानावर चौदा वर्षांच्या, लिहिलेल्या बारा वर्षांच्या मुलाचा फोटो, कान पुढे आलेले, कॉलर मोठी. मग प्रश्नोत्तरं.

''गावासमोर काय आहे?'' नात वाचत होती.

''माशांचं तळं,'' लेक म्हणाली. नातीने मान वर केली. कागदावर तेच होतं.

''घराचं मोठं दार कुठे उघडतं?''

''पूर्वेला. आणि तिसऱ्या घरात आंधळी म्हातारी राहते, तिच्याकडे काळा कुत्रा आहे.'' लेक हसत होती. ''हे सगळं मला बाबांनी सांगितलंय. झोपताना. मी रोज विचारायचे, कुत्र्याचं पुढे काय झालं?''

पोपोला काय चाललंय ते कळेना. लेकीने तिला तैशानीत सांगितलं. पोपो बराच वेळ चहाचा पेला फिरवत राहिली आणि मग बोलली. तिचं माहेर गोंगगोंगच्या गावाला लागूनच. त्या गावाला तळं नव्हतं. दार दक्षिणेला होतं. आंधळी म्हातारी नव्हती, कुत्राही नव्हता. ते गाव वहीतलं होतं. ज्या बापाचा तो कागदावर मुलगा होता, त्या बापाचं गाव.

गोंगगोंगने आपल्या लेकीला रोज रात्री अंगाईसारखी जी गोष्ट सांगितली, ती उलटतपासणीची उत्तरं होती.

लेक ओरडली नाही. तिने आईला एकच प्रश्न केला आणि लगेच आम्हाला इंग्रजीत सांगितलाही, सवयीने, ''मी तिला विचारलं, तुमचा माझ्यावर विश्वास नव्हता का?'' पोपोचं उत्तरही तिनेच आम्हाला सांगितलं. मी ते वाक्य तिच्या शब्दांत देते: ''ती म्हणते, सगळ्या ऑफिसांत तूच बोलायचीस. तुला माहीत असतं तर तू काय सांगितलं असतंस?''

मी आजवर पिढ्यांच्या संघर्षावर पुष्कळ वाचलंय, पण त्या टेबलाशी जे समजलं ते कुठे वाचलं नव्हतं. घराचं तोंड असलेलं पोर हाच घराला सगळ्यात मोठा धोका होता. तिच्यावर सगळं सोपवायचं आणि तिच्यापासूनच सगळं लपवायचं. आठ वर्षांच्या मुलीशी मोकळं बोलायचं म्हणजे भावाला हद्दपारीच्या दारात उभं करायचं. असा बाप जवळ कसा घेणार? जवळ घेतलं की मूल प्रश्न विचारतं. आणि त्या मुलीने पुढे आपल्या मुलीला जे दिलं ते हेच: कामापुरतं बोला, कागदपत्रं चोख ठेवा, मार्क मिळवा, कोणाच्या डोळ्यांवर येऊ नका. नात याला चिनीपणा समजून त्याच्याशी भांडत होती.

आपली गोष्ट वेगळी, असं मराठी माणसाने फार जोरात म्हणू नये. १९१७ साली अमेरिकेने आशियाचा मोठा पट्टा बंद केला त्यात हिंदुस्थान होताच, आणि १९२३ साली भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस नागरिक होऊ शकत नाही असं ठरवलं. आपण बहुतेक जण ही दारं उघडणाऱ्या १९६५च्या स्थलांतर कायद्यानंतर आलो, पदव्या घेऊन, स्वतःच्या नावाने. आपल्या मुलांना झोपताना आपण पुण्याच्या वाड्याची गोष्ट सांगतो तेव्हा तो वाडा खरोखर आपला असतो. ज्यांना एवढीही मुभा नव्हती त्यांच्या घरातल्या शांततेवर शेरे मारायचा हक्क आपल्याला कोणी दिला?

पुढे नातीने ठरवलं, आडनाव बदलायचं. खरं लावायचं. त्यावरून घरात जे पेटलं ते मी पाहिलेलं सगळ्यात मोठं भांडण. कॅलिफोर्नियात नाव बदलायचं तर न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि जुनं-नवं नाव वर्तमानपत्रात चार आठवडे छापावं लागतं. ''छापणार? पेपरात?'' लेकीचा आवाज खाली माझ्या खोलीत ऐकू येत होता. ''तो मुलगा चौदा वर्षांचा असताना बेटावर एकटा बसून जे लपवून आला, ते तू छापणार?'' नातीचं म्हणणं, आता कोण विचारतंय? लेक म्हणाली, तुला काय माहीत कोण कधी विचारेल ते. मी तेव्हा मनातून नातीच्या बाजूची होते. आता तितकीशी नाही. २०२५च्या जानेवारीत जन्मसिद्ध नागरिकत्वाला कात्री लावणारा आदेश निघाला आणि वाँग किम आर्कचं नाव सव्वाशे वर्षांनी पुन्हा बातम्यांत आलं, तेव्हा मला लेकीचं ते वाक्य आठवलं.

सुनावणीच्या दिवशी पोपो म्हणाली, मी येणार. पोपो येणार म्हणजे कोणीतरी तिला सांगायला हवं. लेक दोन आठवडे मुलीशी बोलत नव्हती. तरी तिने रजा टाकली, आईला कोट घातला आणि मॅकॅलिस्टर स्ट्रीटच्या न्यायालयात तिच्या शेजारी बसली. न्यायाधीशांनी कोणाची हरकत आहे का असं विचारलं, ते तिने पोपोच्या कानात तैशानीत सांगितलं. पोपोने मान हलवली. लेकीने स्वतःची हरकत नोंदवली नाही.

तिने आपलं आडनाव मात्र बदललं नाही, आणि बदलणार नाही म्हणते. परवा फोनवर मी पुन्हा विचारलं तर म्हणाली, ''ते बाबांचं नाव होतं की नाही मला माहीत नाही. पण सैन्यात त्यांना त्याच नावाने हाक मारली, पगार त्याच नावाने आला, हे घर त्याच नावावर घेतलं. माझ्या मुलीला त्यांचं गावचं नाव हवंय, तिने घ्यावं. मी ज्या बाबांना ओळखते त्यांचं हेच नाव आहे.'' मग नातीला फोन केला का, असं विचारल्यावर म्हणाली, केला होता, रविवारी जेवायला येतेय, तिला मासा आणायला सांगितलाय.